बर्फातली दारं

उद्यानात नव्याने बदली होऊन आलेल्या माणसाला 'दारवाला' हे नाव ऐकून वाटायचं, अतिथिगृहाच्या दाराशी उभा राहून सलाम ठोकणारा कोणीतरी असणार. मग समोर यायचा तो पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक गृहस्थ. सलाम तर सोडाच, सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तो नमस्कारालाही उत्तर देत नसे. त्याचं काम म्हणजे हिवाळाभर डोंगरातल्या रस्त्यावरचा बर्फ काढणं, आणि त्याची दारं होती ती त्या बर्फातच.

हे जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. या राष्ट्रीय उद्यानातून रस्ता जातो तो एकच. खाली नदीवरचा पूल आणि त्याला लागून गाव. तिथे बाजार, शाळा, रुग्णालय आणि बर्फाच्या मशीनची शेड. वर रस्ता संपतो तिथे छोटीशी वस्ती. तिथे उद्यानाचं कार्यालय, अतिथिगृह आणि कर्मचाऱ्यांची घरं. मधे नुसता डोंगर आणि पाइनचं रान. थंडीत तिथे बर्फ उभ्या माणसाच्या छातीला लागतो. मशीन फिरलं की रस्त्याची एक लांबलचक गल्ली होते, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती. ही गल्ली गाड्यांना जशी सोयीची, तशी हरणांनाही. पोटापर्यंत रुतत चालण्यापेक्षा साफ रस्ता कोणाला नको? डोंगराच्या एका वळणावर वारा इतका असतो की बर्फ टिकतच नाही, भिंतही उभी राहत नाही. तिथून ती रस्त्यावर उतरतात आणि आरामात फिरायला निघतात. मग समोरून किंवा मागून गाडी येते. भिंत चढता येत नाही, गाडीला वळसा घालता येत नाही, आणि बिचारी पळत सुटतात.

म्हणून दारं. दारवाल्याच्या आधी मशीन चालवणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं, की प्रत्येक वळणावर थांबायचं, पातं आडवं फिरवायचं आणि भिंतीत खुपसून एक उतरती वाट पाडायची. पाइनच्या रानाच्या बाजूला, जनावर सहज चढून जाईल अशी. हे कुठल्या नियमात नव्हतं. पण म्हाताऱ्याने केलं म्हणून याने केलं, आणि करता करता त्याचंच नाव पडलं. हरणांनाही दारं पाठ झाली. मशीनचा आवाज आला की ती शांतपणे पुढच्या दाराकडे चालत जात, वर चढत आणि मशीन जाईपर्यंत रानाच्या कडेला उभी राहून बघत. कळपाची म्होरकी एक वयस्क मादी होती. तिचा डावा कान कधीतरी कशाने तरी फाटलेला. दारवाला तिला कानफाटी म्हणत असे.

आपला जनावरांवर जीव आहे हे त्याने कधी कबूल केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, मशीनखाली काही आलं तर पाती खराब होतात, दुसरं काय. पण घरी गेला की बायकोला आधी कानफाटीची खबर. आज ती दिसली, आज पाडसं दोनच होती, आज ती माझ्याकडे बघून पुढे गेली. बायको अतिथिगृहात चादरी-अभ्र्यांचं काम बघायची. बॉयलरच्या उबेत दोरीवर चादरी वाळत असत आणि ती इस्त्री करता करता हे पुराण ऐकत असे. "माझी चौकशी एवढी केली असतीत तर मी दिवसातून दोनदा चहा दिला असता," असं म्हणायची, आणि चहा द्यायचीच. तिचा धाकटा भाऊ त्याच अतिथिगृहात स्वयंपाकी होता. तोही येऊन बसायचा. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवला होता. चाळिशी आली तरी जेवलास का, मोजे घातलेस का, हे तिचं चालूच असायचं.

मग जुनं मशीन म्हातारं होऊन बसलं आणि नवं आलं. दिसायला झकास. आत हीटर, गादीची खुर्ची, आरशांचा तर बाजारच. पण त्याला फिरणारं पातं नव्हतं. समोरून बर्फ गिळायचं आणि वरच्या वाकड्या नळकांड्यातून लांब फेकून द्यायचं, एवढंच त्याला येत होतं. दारवाला त्या नळकांड्याला सोंड म्हणे. सोंड डावीकडे-उजवीकडे फिरवता यायची, पण दार पाडता यायचं नाही. भिंती मात्र सुरीने कापाव्यात तशा सरळ उभ्या राहिल्या, पूर्वीपेक्षा उंच आणि गुळगुळीत.

तो वन्यजीव अधिकारी असलेल्या मॅडमकडे गेला. ती भांडेल, निदान टाळेल, अशी तयारी करून गेला होता. पण तिला सगळं त्याच्या आधी कळलं होतं. बाजूला लावायचं पातं तिने मशीनबरोबरच मागवलं होतं; ते पुढच्या हंगामात येईल असं उत्तर आलं होतं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिने त्याला बसवून घेतलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. ती म्हणाली, हरिण घाबरून फार पळालं की त्याचे स्नायू आतून नासायला लागतात. पळणं थांबतं, ते उभं राहतं, चरतंसुद्धा, बघणाऱ्याला वाटतं सुटलं. आणि एक-दोन दिवसांत ते मरतं. त्यावर उपाय काही नाही. एकच करायचं, त्याला तेवढं पळवायचं नाही.

हे ऐकल्यापासून दारवाल्याची झोप उडाली. तो सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन जायला लागला. बर्फ म्हणजे कापूस नव्हे. दाबून बसलेला बर्फ दगडासारखा होतो. तासाभरात कमरेचा काटा ढिला व्हायचा. मॅडमही दोनदा आली, तिनेही फावडं चालवलं. सगळ्या वळणांवर दारं पाडणं दोघांच्याने होण्यासारखं नव्हतं. शेवटी मोठ्या खडकापाशी एक दार त्यांनी नीट पाडलं, वाऱ्याच्या वळणाच्या खाली आणि पुलाच्या बरंच वर. ओळखीसाठी शेजारी लाल फडकं बांधलेली काठी रोवली. बर्फ काढताना त्या काठीपाशी आलं की सोंड पलीकडे फिरवायची, म्हणजे दारावर बर्फ पडायचा नाही, हेही त्याने अंगवळणी पाडून घेतलं. कानफाटीने ते दार चार दिवसांत शोधून काढलं. ही बातमी त्याने बायकोला सांगितली तेव्हा पोराने पहिला नंबर काढल्यासारखा त्याचा चेहरा होता.

ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या सकाळी तो खाली शेडमधल्या खोलीत होता. वादळाच्या दिवसांत तो तिथेच झोपायचा. उजाडता उजाडता बायकोचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. भाऊ स्वयंपाकघरात कणीक मळता मळता खाली बसला होता. छातीत दुखतंय म्हणाला, मग बोलायचाच बंद झाला. घामाने भिजला होता.

रुग्णवाहिका शेडपाशी आली तोवर मशीन सुरू झालेलं होतं. रात्रभर बर्फ पडून रस्ता भरून गेला होता. पुढे मशीन, मागे रुग्णवाहिका. दारवाल्याने आजवर त्या मशीनला कधी रेटलं नव्हतं, त्या दिवशी रेटलं. डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं. त्या मेव्हण्याला त्याने लग्नात पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो बहिणीचा पदर धरून रडत होता. ते सारखं आठवत होतं. वारा इतका होता की काचेपलीकडे पांढऱ्यात पांढरं मिसळलेलं. वर पोचला, मशीन वळवलं, स्ट्रेचर आत गेलं, बायको भावाशेजारी बसली. नर्सने एवढंच सांगितलं की जितक्या लवकर खाली जाऊ तितकं बरं. तेवढ्या वेळात मागच्या रस्त्यावर पुन्हा जागोजागी बर्फ साचला होता, त्यामुळे खाली जातानाही मशीनच पुढे.

वाऱ्याचं वळण गेलं आणि त्याला ती दिसली.

दहा-बारा असतील. नुकताच साफ झालेला रस्ता पाहून उतरली होती आणि सावकाश खालच्या दिशेने चालली होती. सर्वांत पुढे कानफाटी. मशीनच्या आवाजाने सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. दारवाल्याने वेग कमी केला. त्याला भीती वाटली, पण फार नाही. खडकाचं दार जवळ होतं. नेहमीसारखी ती चालत जातील, चढतील, आपण पुढे जाऊ. त्याने बोटानेच स्टिअरिंगवर हलकी थाप मारली आणि मनात म्हणाला, चल बाई, तुला माहीत आहे कुठे जायचं.

तिला माहीत होतं. ती लगबगीने खडकापर्यंत गेली आणि काठीपाशी भिंतीकडे तोंड करून थांबली. बाकीची तिच्यामागे थांबली. दार नव्हतं. तिथे ताज्या, भुसभुशीत बर्फाचा उंच ढीग होता, वरून ओतल्यासारखा. लाल फडक्याचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं.

असा ढीग वाऱ्याने होत नाही. तो सोंडेतून पडतो. वर येताना त्याने सोंड फिरवलीच नव्हती. काठी कधी आली आणि कधी गेली हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं.

कानफाटीने उडी मारली. छातीपर्यंत रुतली, पाय मारत राहिली आणि घसरून परत रस्त्यावर आली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा एका तरण्या नराने मारली. दारवाल्याने मशीन थांबवलं, इंजिन बारीक केलं. फावडं मागेच बांधलेलं होतं. उतरून दार मोकळं करावं तर तो तिथे जाताच ती उधळणार. आणि न उधळता उभी राहिली असती तरी तासाभराचं काम. मागे हॉर्न वाजला. एकदाच, आणि तोही संकोचून वाजवल्यासारखा. तो हलला नाही. ती शांत होऊ देत, श्वास घेऊ देत, मग हळूहळू पुढे सरकू, असं काहीतरी तो ठरवत होता. खरं तर काही ठरत नव्हतं. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग मशीनच्या दाराच्या काचेवर कोणीतरी बोटांनी वाजवलं.

बायको होती. डोक्यावर काही नाही, अंगात कामावरचाच स्वेटर. ती पायरीवर चढली आणि त्याच्या खांद्यावरून समोर बघितलं. भिंतीला चिकटून उभी असलेली हरणं, त्यांच्या तोंडातून निघणारी वाफ, फाटका कान. इतकी वर्षं नुसतं ऐकलेली कानफाटी तिने त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिली.

"दिसतायत मला," ती म्हणाली. "अहो, चला. तो हाताला गार लागतोय."

एवढं बोलून ती उतरली आणि बर्फातून पाय ओढत मागे गेली.

दारवाल्याने मशीन पुढे घेतलं. आता इथून पुलापर्यंत एकही दार नव्हतं. हरणं चालायला लागली, मग पळायला. त्याने शक्य तेवढं हळू घेतलं आणि मग लक्षात आलं की हळू जाण्यात मेव्हण्याचा वेळ जातोय आणि हरणांचं पळणं काही थांबत नाहीये. वेग वाढवला तर ती जिवाच्या आकांताने सुटत. दिवे बंद करून पाहिले. सुरू करून पाहिले. त्याच्या हातात काहीही नव्हतं, फक्त मशीन होतं. एक पाडसू मागे पडायला लागलं. आई थांबायची, वळून बघायची, मशीन बघून पुन्हा पळायची. पाडसू भिंतीच्या पायथ्याशी बसलं तेव्हा त्याने मशीन दुसऱ्या भिंतीला घासत नेलं. एका बाजूने जेमतेम जागा राहिली. आरशात बघायचं त्याने टाळलं. "अगं, पळू नको गं," तो काचेआडून म्हणत होता, "अगं, नको ना पळू एवढी." ज्या माणसाने आपल्या मागून येऊ नये, तोच मागून येत होता आणि गयावया करत होता.

पुलापाशी भिंती संपतात. तिथे रस्ता रुंद आहे, नदीकडे उतार आहे. हरणं एका झेपेत बाहेर पडली आणि उतारावरून खालच्या झाडीत गेली. खबर गावात आधीच पोचली होती. पुलावर माणसं जमली होती. हरणं सुटलेली पाहून कोणी टाळ्याही वाजवल्या. रुग्णवाहिका मशीनच्या बाजूने पुढे निघून गेली. शेडमधल्या मेकॅनिकने चहा आणून दिला आणि पाठ थोपटली. म्हणाला, माणूस पण वाचवलास आणि जनावरंही, आज तुझा दिवस आहे. दारवाल्याने झाडीकडे पाहिलं. कानफाटी तिथे उभी होती, चारही पायांवर, मान वर करून. तिने एका झुडपाचा पाला ओढून खाल्लासुद्धा. मॅडमने सांगितलं नसतं तर त्यालाही मेकॅनिकसारखंच वाटलं असतं, आणि त्या क्षणी त्याला वाटलं की तिने सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मेव्हणा वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आमच्याही हातात काही राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दारवाला आणि मॅडम पुलाखालच्या झाडीत गेले. फार शोधावं लागलं नाही. काही बसल्यासारखी पडली होती, पाय पोटाशी घेऊन. काही अजून जिवंत होती. कानफाटी त्यांच्यात होती. माणूस एवढा जवळ आला तरी तिला उठता येत नव्हतं. मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. डोळे मात्र फिरत होते. मॅडम गुडघ्यावर बसली, तिच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि बऱ्याच वेळाने मान हलवली. तिच्याकडे इंजेक्शन होतं. त्रास तरी थांबेल, म्हणाली. दारवाल्याने कानफाटीचं डोकं मांडीवर धरलं. इतक्या वर्षांत तिला हात लावण्याची ही पहिलीच वेळ. केस त्याला वाटले होते त्यापेक्षा राठ होते. मॅडम आपणहून म्हणाली की खडकाचं दार वाऱ्याने बुजलं असणार. तो कानफाटीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग ती उठून दुसऱ्या हरणाकडे गेली आणि तो तसाच बसून राहिला, आणि रडला. तिने ऐकलं असेल, पण वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी तो रुग्णालयात गेला. मेव्हणा उशीला टेकून बसला होता, चेहरा उतरलेला पण शुद्धीवर. हात जोडायला लागला तेव्हा दारवाल्याने ते खाली केले आणि आता रुग्णालयाच्या जेवणाला नावं ठेवत बस, असं सांगितलं. मेव्हणा हसला आणि हसता हसता झोपी गेला.

बायको त्याच्याबरोबर बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावलेला बाक होता, त्यावर दोघं बसली. समोर कोणीतरी फरशी पुसत होतं. ती बराच वेळ त्याच्या कोटाच्या बाहीकडे बघत होती. बाहीवर करडे केस चिकटलेले होते.

"गेली ना?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

ती म्हणाली, "मी चला म्हणाले म्हणून."

हे तिच्या मनात घर करणार, हे त्याला दिसत होतं. भाऊ समोर दिसेल तेव्हा तिला ते आठवणार, आणि भाऊ तर रोज समोर असणार. तिच्यावरचं हे ओझं कसंही करून उतरवायला हवं होतं. जे मॅडमला सांगितलं नव्हतं, कोणालाच सांगणार नव्हता, ते त्याने तिथे तिला सांगितलं.

"तुझ्यामुळे नाही. दार उघडं असतं तर तू उतरायच्या आधीच ती वर चढून गेली असती. दार मी बुजवलं. काल सकाळी वर येताना. सोंड फिरवायची विसरलो."

त्याला वाटलं, बरं झालं, आता रागावेल, काहीतरी टोचून बोलेल, आणि मोकळी होईल. तो वाट बघत राहिला.

"विसरलात कशाने?" तिने विचारलं. "तुम्ही कधी नाही विसरत."

त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की याला उत्तर एकच आहे, आणि ते तिला आधीच मिळालेलं आहे. तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत भाऊ झोपला होता. तिने हळूच नवऱ्याच्या बाहीवरचा एक केस काढला, मग दुसरा, आणि काढत राहिली. दारवाल्याने हात तसाच धरून ठेवला, कारण तिच्यासाठी करता येण्यासारखं दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.